गर्भपिशवीत गाठ आहे आणि दिवस भरत आलेत : कळा, सिझर, रक्तस्राव याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लेबर रूममध्ये सिस्टर आहे, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्हीकडे काम करून झालंय. ओपीडीच्या बाकावर बसून बायका जे विचारतात, आणि डॉक्टरांच्या समोर गेल्यावर जे विचारायचं राहून जातं, ते सगळं इथे लिहून काढलंय. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला प्रत्यक्ष तपासलेलं असतं त्यामुळे त्यांचं म्हणणं माझ्या लिहिण्यापेक्षा वरचं धरा. पण प्रश्न काय विचारायचे हे तरी माहीत असलं पाहिजे ना.

सोनोग्राफीत फायब्रॉईड निघालाय. आता नॉर्मल होणारच नाही का?

होते. गाठ असलेल्या बहुतेक बायकांचं बाळंतपण इतर चारचौघींसारखंच होतं, कित्येकींना तर गाठ आहे हे पोटुशी राहिल्यावर पहिल्या सोनोग्राफीतच कळतं, त्याआधी पत्ताच नसतो. सिझर व्हायची शक्यता गाठ नसलेल्या बाईपेक्षा जास्त असते हे खरं, पण जास्त म्हणजे नक्की असं नाही. रिपोर्टवर गाठ हा शब्द वाचला की घरात रडारड सुरू होते आणि सासूबाई शेजारी सांगून मोकळ्या होतात की हिचं सिझरच, तसं काही कोणी ठरवलेलं नसतं.

ही गाठ म्हणजे नक्की काय? कॅन्सर तर नाही ना?

गर्भपिशवी म्हणजे स्नायूंची पिशवी. त्याच स्नायूचा एखादा भाग गोळा होऊन घट्ट वाढतो, तो फायब्रॉईड. कॅन्सर नाही. या प्रकारच्या गाठीत कॅन्सर निघणं इतकं दुर्मिळ आहे की गरोदरपणात त्याची भीती घेऊन झोप घालवू नका. आणि ती गाठ बाळाचं रक्त पिते, बाळाचं अन्न खाते, असंही काही नसतं. हा प्रश्न मला इतक्या जणींनी अगदी हळू आवाजात विचारलाय म्हणून मुद्दाम लिहितेय.

रिपोर्टमध्ये 48 बाय 41 लिहिलंय. खूप मोठी आहे का हो?

ते आकडे बहुतेक वेळा मिलिमीटरमध्ये असतात, म्हणजे 48 म्हणजे पावणेपाच सेंटीमीटर, अर्धा फूट नाही. मी बायकांना आपल्या मापाने सांगते. काजूची बी किंवा रातांब्याएवढी म्हणजे तीन सेंटीमीटरच्या आसपास, अशा गाठीने बहुधा काही होत नाही. साधारण पाच सेंटीमीटरच्या पुढे गेली की डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात. हापूस आंब्याएवढी किंवा त्याहून मोठी, किंवा एकापेक्षा जास्त मोठ्या गाठी, असं असेल तर बाळंतपण कुठे करायचं याचा विचार आधीच करायला हवा.

पण आकारापेक्षा जागा महत्त्वाची, हे मी दहा वेळा सांगेन. पिशवीच्या बाहेरच्या अंगाला, वर, आंब्यासारखी लटकलेली मोठी गाठ सुद्धा बाळाच्या वाटेत येत नाही. आणि पिशवीच्या तोंडापाशी खाली बसलेली त्यापेक्षा लहान गाठ वाट अडवून बसू शकते. आतल्या अस्तराला ढकलून पोकळीत घुसलेली आणि वार (प्लॅसेंटा) बरोबर त्याच जागी चिकटलेली असेल तर वार वेळेआधी सुटण्याची काळजी असते, मग गरोदरपणात रक्त दिसलं की थेंबभर असलं तरी दाखवायला यायचं. म्हणून डॉक्टरांना हे चार प्रश्न विचारा : किती आहेत, केवढ्या आहेत, वर आहे की खाली तोंडापाशी, आणि वार कुठे आहे. उत्तर फाईलवर लिहून घ्या.

पहिल्या सोनोग्राफीत गाठ होती, दुसरीत गायब. असं कसं?

होतं असं. पिशवीचा एखादा भाग सोनोग्राफीच्या वेळी तात्पुरता आवळलेला असतो आणि तो पडद्यावर अगदी गाठीसारखा गोल दिसतो, अर्ध्या तासाने पाहिलं तर नसतो. त्यामुळे नुसत्या एका रिपोर्टवरून घाबरायचं नाही. उलटंही होतं, बाळ मोठं झालं की मागच्या भिंतीतली गाठ नीट दिसतच नाही, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांतला रिपोर्ट जपून ठेवायचा.

गाठीमुळे कळा कमी येतात का? की जास्त?

हा खरा प्रश्न आहे आणि याचं उत्तर जरा सावकाश वाचा.

कळ म्हणजे काय तर पिशवीचा स्नायू आवळतो. पण कसाही आवळत नाही. कळ वरच्या टोकाला कोपऱ्यातून सुरू होते आणि खाली पसरत येते, जशी समुद्राची लाट बाहेरून उठून किनाऱ्यापर्यंत एका ओळीत येते तशी. वरचा भाग प्रत्येक कळेला थोडा जाड आणि आखूड होत जातो, खालचा भाग पातळ होऊन वर खेचला जातो, आणि तसं तसं तोंड उघडतं. हे सगळं जमतं कारण स्नायूंच्या पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि एकीचा इशारा दुसरीला लगेच पोचतो. दिवस भरत येतात तसे हे जोड वाढतात, म्हणूनच आधीच्या महिन्यांतल्या खोट्या कळा कुठेतरी आवळून थांबतात आणि खऱ्या कळा सगळं पोट एकदम दगडासारखं करतात.

आता या भिंतीत मध्येच एक मोठी घट्ट गाठ असली तर लाट तिथे मोडते. पाण्यात खडक असला की लाट कशी दोन्ही बाजूंनी फुटून वेडीवाकडी येते, तसं. गाठ स्वतः बाकीच्या स्नायूबरोबर ताल धरून आवळत नाही. मग काही बायकांत काय होतं तर कळा येतात, दुखतं सुद्धा भरपूर, पण जोर एका दिशेने लागत नाही आणि तोंड हवं तेवढं उघडत नाही. बाई म्हणते सिस्टर मी मरतेय आणि आत तपासलं तर चार तासांपूर्वी होतं तेवढंच. यात त्या बाईचा काही दोष नसतो, ती जोर लावत नाही असं म्हणणाऱ्या नातेवाईकांना मी बाहेर पाठवते.

पण हे सगळ्यांच्या बाबतीत होत नाही, हेही तेवढंच खरं. एखाददुसरी मध्यम गाठ असेल तर पिशवी आपला रस्ता काढते आणि कळा व्यवस्थित येतात. दहा मिनिटांत तीन ते पाच कळा, प्रत्येक कळ चाळीस ते साठ सेकंद, आणि मध्ये पोट पूर्ण सैल, असं चाललंय तर गाठ असूनही काम नीट चाललंय असं समजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या सूचनांप्रमाणे तोंड 5 सेंटीमीटर उघडल्यावर खरी जोराची वेळ सुरू झाली असं धरतात आणि तिथून पहिलटकरणीला 12 तासांपर्यंत लागू शकतात. त्यामुळे सकाळी नेली आणि दुपारपर्यंत झाली नाही म्हणजे गाठ आडवी आली असा अर्थ लगेच काढू नका.

कळांचं सलाईन लावलं तर गाठ फुटेल का?

नाही फुटत. कळा कमी पडल्या तर ऑक्सिटोसिनचं सलाईन गाठ असलेल्या बाईलाही देतात, फक्त थेंब मोजून, हळूहळू वाढवत आणि बाळाचे ठोके बघत. तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे : आधी कधी गाठ काढायचं ऑपरेशन झालं असेल तर सलाईन लावायच्या आधी ते ओरडून सांगा. तिथे सगळं गणित बदलतं, त्याचं पुढे लिहिलंय.

सातवा महिना आहे आणि पोटात एकाच जागी भयानक दुखतंय. कळा सुरू झाल्या का?

आपल्याकडे कसं, मालवणीत सगळ्यालाच "पोटात दुखता". फोनवर तेवढंच सांगितलं तर समोरच्याला काहीच कळत नाही. बोट ठेवून दाखवा कुठे दुखतंय.

गरोदरपणात गाठ वाढू शकते, आणि वाढली तर बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच, पुढे कित्येक गाठी आहेत तशाच राहतात. पण कधी कधी गाठीला रक्ताचा पुरवठा कमी पडतो आणि तिच्या आत बिघाड सुरू होतो. त्याला लाल बिघाड म्हणतात कारण आतून ती लालभडक झालेली असते. तेव्हा एका ठरावीक जागी टोचल्यासारखं, हात लावू देत नाही असं दुखतं, बारीक ताप येतो, मळमळतं, रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात. पाच सेंटीमीटरच्या वरच्या गाठीत हे जास्त दिसतं आणि बहुतेक मधल्या किंवा शेवटच्या महिन्यांत.

फरक असा बघा. कळ येते, चढते, उतरते, मध्ये पूर्ण आराम, आणि परत येते, आणि वेळ कमी कमी होत जातो. गाठीचं दुखणं सतत असतं आणि जागेवर असतं. पण हे वाचून घरी स्वतःच ठरवायचं नाही, कारण गाठ दुखली की तिच्या चिडण्याने खऱ्या कळा पण सुरू होऊ शकतात, आणि अपेंडिक्स किंवा वार सुटणं यातही पोट असंच दुखतं. पोट सतत लाकडासारखं कडक, अंगावरून रक्त, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी, यातलं एकही असेल तर लगेच निघायचं.

उपचार साधा असतो. ॲडमिट करून विश्रांती, सलाईन, पॅरासिटामॉल, बहुतेकींचं काही दिवसांत उतरतं. बाळ बहुतेक वेळा पोटात व्यवस्थित राहतं. मात्र मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी परस्पर आणून घ्यायची नाही आणि कंबर दुखते म्हणून कुणाकडून तसलं इंजेक्शन मारून घ्यायचं नाही. 20 आठवड्यांनंतर या औषधांनी बाळाभोवतीचं पाणी कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी जी जन्मानंतर बंद व्हायची असते ती आधीच आवळू शकते. माझ्यासमोर एक मुलगी आली होती, गावात दोन दिवस तीच गोळी खाऊन, घरच्यांना वाटत होतं साधी दुखण्याची तर गोळी आहे. डॉक्टरांनी लगेच बंद केली, पाणी तपासलं, सगळं ठीक निघालं, पण त्या दोन दिवसांचा विचार करून मला अजून कसंतरी होतं.

वेळेआधी बाळंतपण होऊ शकतं का?

शक्यता वाढते, मोठ्या किंवा अनेक गाठी असतील तर जास्त. 37 आठवड्यांच्या आत ठरावीक अंतराने पोट आवळायला लागलं, कंबरेतून पुढे येणारं दुखणं, चिकट पाणी किंवा रक्तमिश्रित स्राव, तर रात्र काढायची नाही. लवकर पोचलात तर बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन देता येतं, आणि त्या इंजेक्शनला काम करायला वेळ लागतो.

माझं पोट महिन्यापेक्षा मोठं दिसतं, सगळे जुळी म्हणतात.

गाठीमुळे टेपने मोजलेलं माप चुकतं, पोट दोन महिने पुढचं वाटू शकतं. हाताने तपासताना गाठ बाळाचं डोकं वाटली असंही होतं. बाळाची वाढ सोनोग्राफीवरूनच बघायची, लोकांच्या नजरेवरून नाही.

बाळ आडवं आहे म्हणाले. गाठीमुळे का?

असू शकतं. पिशवीत जागा कमी पडली किंवा खाली गाठ असली की डोकं खाली बसत नाही, बाळ पायाळू किंवा आडवं राहतं. 36 आठवड्यांपर्यंत बाळ फिरू शकतं, त्यामुळे सातव्या महिन्यात आडवं आहे याला काही अर्थ नाही. मात्र दिवस भरल्यावरही बाळ आडवंच असेल तर कळांची वाट बघत घरी थांबायचं नाही, आडव्या बाळात पाणी फुटलं तर नाळ खाली घसरू शकते आणि ती मिनिटांची गोष्ट असते.

पाचव्या महिन्यात सांगितलं गाठ खाली तोंडापाशी आहे. मग सिझर ठरलंच ना?

नाही ठरलं. पिशवीचा खालचा भाग शेवटच्या महिन्यांत ताणला जातो आणि त्या भागातली गाठ त्याच्याबरोबर वर उचलली जाते, कित्येकदा बाळाच्या वाटेतून पूर्ण बाजूला जाते. म्हणून 36 आठवड्यांच्या आसपास परत सोनोग्राफी करून ठरवतात. तेव्हाही गाठ डोक्याच्या खालीच असेल, किंवा तोंडातच वाढलेली असेल, तर मात्र सिझर हाच शहाणपणा. तिथे नॉर्मलचा हट्ट धरू नका.

सिझर करणारच आहेत तर त्याच वेळी गाठ काढून टाकायला काय हरकत आहे? एका खर्चात दोन कामं.

अगदी दर आठवड्याला हा प्रश्न येतो आणि नवरे जास्त विचारतात. हरकत रक्ताची आहे. दिवस भरलेल्या पिशवीतून मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. अशा पिशवीत गाठ कोरून काढायची म्हणजे रक्तस्राव आवरला नाही तर पिशवीच काढायची वेळ येऊ शकते. देठाने लटकलेली गाठ किंवा बाळ काढायच्या वाटेतच आलेली गाठ काढतात, आणि हल्ली काही ठिकाणी अनुभवी सर्जन, रक्त हाताशी असताना, निवडक केसमध्ये इतरही काढतात. पण डॉक्टर नको म्हणाले तर ते तुमच्या जिवासाठी नको म्हणतायत. बाळंतपणानंतर गाठ बहुतेक आपोआप लहान होते, मग कशाला घाई.

आधी गाठीचं ऑपरेशन झालंय. मला कळा यायची वाट बघायची का?

ऑपरेशनमध्ये पिशवीची भिंत किती खोल कापली यावर आहे. आत पोकळीपर्यंत कापलं असेल किंवा भिंतीतून मोठ्या गाठी काढल्या असतील तर त्या टाक्याची जागा कळांच्या जोराने उसवण्याचा धोका असतो, म्हणून अशा वेळी कळा सुरू व्हायच्या आधीच, साधारण 37 ते 38 आठवड्यांच्या दरम्यान सिझर ठेवतात. बाहेरून लटकलेली गाठ नुसती छाटली असेल तर नॉर्मलचा विचार होऊ शकतो.

आणि हे ठरवायला लागतो तो ऑपरेशनचा कागद. मुंबईत लग्नाआधी ऑपरेशन झालं, कागद कपाटात राहिले, मुलगी बाळंतपणाला राजापूरला आली आणि आई सांगते दुर्बिणीतून केलं होतं, तीन बारीक भोकं आहेत फक्त. बाहेर भोक बारीक असलं तरी आत पिशवी किती कापली ते त्यावरून कळत नाही हो. फोन करून फोटो मागवा, पण कागद मिळवाच.

सगळ्यात जास्त भीती कशाची असते?

तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते. बाळ बाहेर आल्यानंतरच्या रक्तस्रावाची. बायका आणि घरचे सगळे बाळ येईपर्यंत श्वास रोखून असतात आणि बाळ रडलं की पेढे आणायला धावतात. आम्ही मात्र तेव्हा पिशवीवर हात ठेवून उभ्या असतो.

वार सुटली की तिच्या जागी उघड्या रक्तवाहिन्या राहतात. त्यांना बंद करायला देवाने टाका दिलेला नाही, स्नायूंचे आडवेतिडवे धागे आवळतात आणि त्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबून बंद करतात. पिशवी नारळासारखी कडक गोल झाली की रक्त थांबतं. भिंतीत मोठी गाठ असेल तर त्या बाजूला पिशवी पूर्ण आवळू शकत नाही, किंवा वार अडकून राहते, आणि रक्त चालू राहतं. नॉर्मलमध्ये अर्धा लिटरच्या वर गेलं की आम्ही धोका समजतो, आणि तेवढं जायला फार वेळ लागत नाही.

यावर उपाय आहेत आणि ते आधी तयार ठेवले तर बाई वाचते. बाळ येताच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन प्रत्येकीलाच देतात. मग पिशवी चोळून कडक करणं, आणखी औषधं, ट्रॅनेक्झामिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध जे तीन तासांच्या आत आणि जितकं लवकर तितकं चांगलं, पिशवीत फुगा घालून दाब देणं, नाहीतर ऑपरेशन. आणि रक्त. शेवटी सगळं रक्त हाताशी आहे का इथे येऊन थांबतं.

मग बाळंतपण कुठे करायचं? आमच्या गावाजवळ बाई डॉक्टर आहेत, चांगल्या आहेत.

चांगल्या असतीलच. पण मोठी गाठ असेल तर तीन गोष्टी विचारा : रात्री भूल देणारे डॉक्टर किती वेळात येतात, रक्त तिथेच मिळतं की आणायला पाठवावं लागतं, आणि तिथून पुढे पाठवायचं झालं तर किती तास. रक्तपेढी आणि रक्त साठवण केंद्र यात फरक आहे, साठवण केंद्रात मोजक्या पिशव्या असतात आणि तुमचा गट असेलच असं नाही. तुमचा गट निगेटिव्ह असेल तर हे आठव्या महिन्यातच बोलून ठेवा.

आपल्या कोकणात रस्ता हा आजाराचाच भाग धरायला लागतो, असं मला इतक्या वर्षांनी वाटतं. गुहागरच्या बाजूने तवसाळ जयगड फेरीने रत्नागिरी जवळ वाटते, पण रात्री फेरी नसते आणि मग फिरून यायचं. वैभववाडीवाल्यांना कोल्हापूर घाटापलीकडे, आणि पावसाळ्यात घाटात दरड कधी येईल सांगता येत नाही. सावंतवाडी बांद्याकडून गोव्यातलं बांबोळीचं मोठं हॉस्पिटल गाठणं सोपं, पण देवगडच्या खाडीकाठच्या वाडीतून आधी हायवेला यायलाच वेळ जातो. 2021 च्या 22 जुलैला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा ज्यांचे दिवस भरले होते त्यांनी काय केलं असेल याचा विचार करा. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्यांनी हायवे भरलेला असतो तेव्हाही तेच.

म्हणून तारीख जून ते सप्टेंबरमध्ये असेल आणि गाठ मोठी किंवा खाली असेल तर 37 आठवड्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी मावशीकडे, नणंदेकडे, जिथे जमेल तिथे येऊन राहा. कोणाकडे राहायचं याचा संकोच बायकांनाच जास्त वाटतो, घरातल्या पुरुषांनी तो बोलून सोडवावा. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, आणि न्यायची आणायची गाडी मोफत आहे, खर्चासाठी अडून राहू नका. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची खास तपासणी असते, जोखमीची केस म्हणून नोंद तिथे करून घ्या. आशाताईला पण सांगून ठेवा, 108 ला फोन लावताना घाबरलेल्या माणसापेक्षा ती पत्ता नीट सांगते.

एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) 9 आहे. गाठीचा आणि त्याचा काय संबंध?

खूप संबंध. गाठ असलेल्या बऱ्याच बायकांच्या पाळीत आधीपासूनच जास्त रक्त जात असतं, वर्षानुवर्षं, आणि ती म्हणते माझं असंच असतं. मग गरोदरपणाची सुरुवातच रिकाम्या डब्याने होते. जिचं एचबी 12 आहे ती अर्धा लिटर रक्त गेलं तर उठून बसते, जिचं 7 आहे ती तेवढ्यात कोसळते. गरोदरपणात 11 च्या वर हवं. लोहाची गोळी रोज, चहाबरोबर अजिबात नाही, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगली अंगी लागते. शौचाला काळी होते, घाबरू नका. गोळीने वाढत नसेल किंवा दिवस थोडे राहिले असतील तर लोहाचं सलाईन मिळतं, ते मागा. आळीव, नाचणी, कुळीथ, सुकी मासळी सगळं खा, पण 9 चं 11 नुसत्या खाण्याने दोन महिन्यांत होईल यावर विसंबू नका.

आजी म्हणते एरंडेल पाज, पोट चोळून घे, सुटका लवकर होते.

आजीची माया खरी आहे. पण एरंडेलाने जुलाब लागून अंगातलं पाणी जातं आणि कळा आल्याच तर वेड्यावाकड्या येतात. आणि गाठ असलेलं पोट दाबून चोळायचं नाही, कळा चालू असताना वरून जोर देऊन बाळ ढकलायचं तर कधीच नाही. कंबर आणि पाय चोळून घ्या, ते चालतं, बरं वाटतं.

कळा सहन होत नाहीत. पाठीतलं इंजेक्शन गाठ असताना चालतं का?

चालतं. जिथे सोय आहे तिथे घ्या.

माहेरी जाताना काय काय घेऊन जायचं?

कपडे नंतर. आधी फाईल. पहिल्या तीन महिन्यांपासूनच्या सगळ्या सोनोग्राफी, रक्तगटाचा कागद, एचबीचे सगळे रिपोर्ट, आधीच्या ऑपरेशनचा किंवा सिझरचा कागद. आणि सातव्या महिन्याच्या शेवटापर्यंत जा, नवव्यात नाही, नवीन डॉक्टरांनी तुम्हाला निदान दोनदा तरी पाहिलेलं असावं. पहिलं बाळंतपण माहेरीच ही रीत मला आवडते, आईसारखं कोणी करत नाही, पण आईचं घर रक्तपेढीपासून तीन तासांवर असेल तर आईनेच लेकीकडे यावं.

बाळंतपणानंतर गाठ जाते का? अंगावर पाजलं तर चालेल ना?

पाजा, पाजलंच पाहिजे. बाळ ओढतं तेव्हा शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं आणि पिशवी आवळते, म्हणून पाजताना पोटात कळ येते, गाठ असली तर ती कळ जरा जास्त जाणवते. पिशवी लहान होते तशी गाठही लहान होते, काहींची तर दिसेनाशी होते. तीन ते सहा महिन्यांनी एक सोनोग्राफी करून बघा, तेव्हाचा आकार खरा. पुढचं मूल कधी, ऑपरेशन करायचं का, हे त्यावर ठरवायचं.

शेक शेगडी, पट्टा बांधणं, डिंकाचे लाडू, सगळं आपल्या पद्धतीने करा, फक्त पट्टा खूप आवळू नका आणि खोलीत धूर कोंडू नका, बाळाला त्रास होतो.

घरी आल्यावर किती रक्त गेलेलं चालतं?

पहिले काही दिवस पाळीसारखं लाल, मग तपकिरी, मग पिवळसर पांढरं, असं कमी होत जायला हवं. कमी झालेलं परत लालभडक सुरू झालं, तासाभरात पॅड पूर्ण भिजला, लिंबाएवढ्या गुठळ्या पडल्या, घाण वास आला, ताप आला, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा खालून काही मांसासारखं बाहेर येतंय असं वाटलं, तर निघायचं. बाराव्याचं बोलावणं गेलंय, पाहुणे यायचेत, असं म्हणत एक बाई दोन दिवस थांबली होती आणि एचबी 5 घेऊन आमच्याकडे आली. वाचली. पण तिला विचारलं का थांबलीस तर म्हणाली, मला वाटलं बाळंतिणीला एवढं जातंच. एवढं जात नाही. तुम्हाला शंका आली तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, फोन करा, आमच्यापैकी कोणीतरी जागीच असते.